सूत्रधार विष्णुदास भावे

नाशिक जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेला लागून, डोंगरदऱ्यांत सुरगाणा तालुका वसलेला आहे. १९४८ पर्यंत येथे एक लहानसे संस्थान होते. ह्या भागात आणि जवळच्या पेठ, जव्हार, मोखाडा ह्या तालुक्यांत बोहाड्याचा उत्सव होत असतो. कोणी त्याला भवाडा असेही म्हणतात. रात्र पडली आणि संबळ व सनई वाजू लागली, की देवदैत्यांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. प्रथम गणपती येतो, मग सरस्वती येते आणि त्यांच्यामागून पुराणांतील वीर व राक्षस येतात. रंगविलेले मोठमोठे मुखवटे चढवून नाचणारे हे लोक त्याच गावचे शेतकरी असतात.

ज्या मुलांनी बोहाडा पाहिला आहे, त्यांना पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे मराठी नाटक कसे सुरू होत असे, हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. तेथेही प्रथम गणपती येई व त्याच्यामागून सरस्वती येई. मात्र बोहाड्यात सारा भर नाचावर असतो. त्या नाटकातील पात्रे बोलत असत. आणि नवल असे की, पात्रांनी काय बोलावे हे कोणी लिहून दिलेले नसे. रंगभूमीवर उभे राहावे, प्रसंग ओळखावा आणि त्या क्षणी जे सुचेल ते चारचौघांसमोर बोलावे, अशी ती रीत होती. हे नाटक महाराष्ट्रात ज्यांनी उभे केले, ते सांगलीचे विष्णुदास भावे होत.

सांगली हे कृष्णेच्या काठचे गाव. सुरगाण्याहून ते चारशे किलोमीटरांहून अधिक दूर, दक्षिणेकडे आहे. तेथे १८१९ च्या सुमारास विष्णूचा जन्म झाला. वडिलांचे नाव अमृतराव. ते सांगली संस्थानच्या पदरी नोकरीस होते. त्या काळच्या चांगल्या घरातील मुलाने अक्षर वळवावे, हिशेब शिकावा आणि वडिलांमागे दरबारात चाकरीस लागावे, अशी सर्वांची अपेक्षा असे. विष्णूचे मन मात्र ह्या अभ्यासात रमत नसे. त्याला गोष्टी ऐकण्याचा व सांगण्याचा भारी नाद. मातीची चित्रे करावी, लाकूड कोरून बाहुल्या घडवाव्या, कीर्तनात ऐकलेली पदे गुणगुणावी, ह्यांत त्याचा दिवस जाई. असा मुलगा पुढे काय करणार, ही चिंता घरच्यांना वाटली असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. कोरीव काम, पदरचना आणि गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी ह्या तिन्ही गुणांचा एकत्र उपयोग होईल, असा धंदा तेव्हा महाराष्ट्रात अस्तित्वातच नव्हता.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे रसिक पुरुष होते. तरुणपणी त्यांनी लढायांत भाग घेतला होता आणि आता उतारवयात विद्या व कला ह्यांना ते आश्रय देत होते. १८४२ साली उत्तर कानडा भागातील कर्की गावाची भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांनी दरबारापुढे आपले खेळ केले. खेळ यक्षगानाच्या धर्तीचे होते. गाणे होते, नाच होता, भडक रंगभूषा होती. राक्षसांच्या आरोळ्या व लढायाही होत्या. भाषा कानडी असल्यामुळे बोललेले सारेच प्रेक्षकांना समजले असेल असे नाही. तथापि कथा ओळखीच्या होत्या. आप्पासाहेबांना खेळ ओबडधोबड वाटला, परंतु त्यातील कल्पना मनात ठसली. असा खेळ अधिक नीटनेटका करून मराठीत बसवावा, असे त्यांनी ठरविले आणि ते काम विष्णूवर सोपविले. तेव्हा विष्णूचे वय तेवीस-चोवीस वर्षांचे असावे.

आज्ञा देणे सोपे होते. पार पाडणे कठीण. पुढे ठेवण्यास नमुना नव्हता. तंजावरच्या भोसले राजांनी फार पूर्वी मराठीत नाटके लिहिली होती खरी. त्यामुळे भावे ह्यांना पहिले मराठी नाटककार म्हणताना आज अभ्यासक थोडे जपून बोलतात. पण ती नाटके दूर तमिळ प्रदेशात राहिली. महाराष्ट्रातील लोकांना त्यांची वार्ताही नव्हती. विष्णूजवळ होते ते एवढेच : कर्कीकरांचा पाहिलेला खेळ, गावोगावची कीर्तने, लळिते व तमाशे, आणि घरोघरी वाचले जाणारे श्रीधर कवीचे रामविजय, हरिविजय व पांडवप्रताप हे ग्रंथ.

त्याने सीतास्वयंवराची कथा निवडली. तिच्यावर पदे रचली, त्यांना चाली लावल्या. गावातील मुले व तरुण गोळा केले. कोणास राम केले, कोणास रावण. कोवळ्या आवाजाच्या मुलास सीतेचे काम दिले. कारण स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याची तेव्हा सोयच नव्हती. मुकुट, आयुधे, पोशाख ह्यांची सिद्धता करण्यात त्याचे लहानपणीचे कोरीव काम कामी आले. तोंडाला रंग लावून लोकांपुढे नाचणे हे प्रतिष्ठित घरातील मुलास शोभत नाही, असे मानणारे लोक थोडे नव्हते. स्वतः राजाच पाठीशी होता म्हणून त्यांचे काही चालले नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस दरबारापुढे सीतास्वयंवराचा प्रयोग झाला. ५ नोव्हेंबर हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

तो प्रयोग कसा चाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण सारी गंमत तेथेच आहे. प्रथम सूत्रधार साथीदारांसह उभा राही आणि मंगलाचरण म्हणे. मग विदूषक उड्या मारीत येई. अंगावर झाडपाला बांधलेला, बोलणे वेडेवाकडे. सूत्रधार व विदूषक ह्यांची थोडी थट्टामस्करी झाली, की पडद्यामागून गणपती येई. सूत्रधार त्याची स्तुती करी व खेळ निर्विघ्न पार पडावा असा वर मागून घेई. त्यानंतर मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई. तीही वर देऊन गेली, की मुख्य कथा सुरू होई. सूत्रधार मात्र आत जात नसे. तो शेवटपर्यंत रंगभूमीच्या कडेला उभा असे. प्रत्येक प्रसंगाचे पद तोच गाई. कोण आले, त्याच्या मनात काय आहे, पुढे काय घडणार आहे, हे पदात सांगितलेले असे. पद संपले, की पात्राने त्याच अर्थाचे भाषण आपल्या शब्दांत करावयाचे. विष्णुदास पदे लिहीत. भाषणे लिहीत नसत.

मुलांनो, आता असे समजा की, तुम्ही त्या मंडळीत आहात आणि आज तुमच्याकडे रावणाचे काम आहे. सूत्रधाराने पद गायिले. त्यात एवढेच सांगितले की, लंकेचा राजा गर्वाने सभेत आला आणि शिवधनुष्याकडे पाहून हसला. पद थांबले. साऱ्या सभेचे डोळे तुमच्याकडे लागले. आता रावणाने जनकाशी काय बोलावे? आपण कैलास हालविल्याची आठवण करून द्यावी, की जमलेल्या राजांची टर उडवावी? तुम्ही काही बोललात, तर जनक झालेल्या मुलाला त्याचे उत्तर तत्काळ दिले पाहिजे. तो काय उत्तर देईल, हे तुम्हांला ठाऊक नाही. तुम्ही काय बोलणार, हे त्याला ठाऊक नव्हते. दोघांनाही कथेबाहेर जाता येत नाही. रावणाच्या हातून धनुष्य उचलले जावयाचे नाही, हे ठरलेलेच आहे. पण तेथपर्यंतचा रस्ता प्रत्येक रात्री नव्याने चालावयाचा असतो. एखादा बोलत बोलत भलतीकडेच जाऊ लागला किंवा शब्द न सुचून अडला, तर त्याला सावरण्याचा मार्ग सूत्रधाराच्या हाती असे : त्याने पुढचे पद सुरू करावे, म्हणजे बोलणाऱ्याची सुटका होई.

ह्यासाठी तालीम लागत नसे, असा समज करून घेऊ नये. न लिहिलेले भाषण करावयाचे तर कथा तोंडपाठ असून भागत नाही. ती अंगात मुरलेली असावी लागते. त्या काळच्या मुलांना ही शिदोरी घरीच मिळे. संध्याकाळी वडील माणसे पोथी वाचीत आणि मुले ऐकत. कीर्तनात बुवा एकाच प्रसंगात कधी राजाच्या तर कधी सेवकाच्या भूमिकेतून बोलत, तेही मुले पाहत. त्यामुळे भीमाने कसे बोलावे व विदुराने कसे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नसे.

शिवाय, आयत्या वेळी उत्तर देण्याचा नाद मराठी माणसास नवा नव्हता. शाहिरांत कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष होते. एकाने गाण्यातून कूट प्रश्न घालावा आणि दुसऱ्याने गाण्यातूनच त्याचा उलगडा करून उलट प्रश्न टाकावा, असा त्यांचा सामना रात्र रात्र चाले. एक पक्ष शक्तीला श्रेष्ठ मानी, तर दुसरा शिवाला. जो अडला तो हरला. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शहाअली नावाचा फकीर ह्यांच्यापासून हे दोन पक्ष निघाले, अशी कथा सांगतात. विष्णुदासांनी हा सवाल-जवाबाचा नाद नाटकात मुद्दाम आणला, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या प्रेक्षकांनी असे सामने ऐकले होते, त्यांना राम व परशुराम किंवा अंगद व रावण ह्यांच्यातील वादात कोणाची सरशी झाली, हे ठरविण्याची सवय आधीच लागलेली होती. कोकणातील दशावतारी खेळांत आजही पात्रे आपली भाषणे स्वतःच जुळवितात. रंगात आलेला दशावतारी संवाद ज्याने ऐकला आहे, त्याला विष्णुदासांच्या मंडळीची कल्पना पुस्तकावाचूनही येईल.

सीतास्वयंवर सर्वांना आवडले. विष्णुदासांनी मग एकामागून एक आख्याने रचली. रामायण, महाभारत व पुराणे ह्यांतील कथांवर रचलेल्या त्यांच्या आख्यानांची संख्या पन्नासांवर गेली. राजाश्रय असल्यामुळे पोशाखांचा व मंडळींच्या पोटाचा प्रश्न नव्हता. आठ वर्षे अशी सुखाची गेली.

१८५१ साली चिंतामणराव आप्पासाहेब मरण पावले. त्यांच्याबरोबर नाटकाचा आश्रयही गेला. विष्णुदासांच्या जिवावर जमलेली मंडळी आता कोणाच्या तोंडाकडे पाहणार? घरी परत जावे, तर नाटक्या म्हणून लोक नावे ठेवीत होते. दुसरा धंदा तर कोणी शिकलेला नव्हता. विष्णुदासांपुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे पडदे व मुकुट गुंडाळून ठेवून सांगलीत स्वस्थ बसणे. दुसरा म्हणजे मंडळी घेऊन परगावी जाणे आणि जे खेळ आजवर राजाला दाखविले, ते पैसे घेऊन लोकांना दाखविणे. पैसे देऊन नाटक पाहावयाचे ही गोष्ट तोवर मराठी लोकांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. राजाला खेळ आवडला की चिंता मिटत असे; लोकांना आवडला नाही, तर दुसऱ्या दिवशी मंडळी उपाशी राहणार होती. विष्णुदासांनी दुसरा मार्ग धरला. माझ्या मते सीतास्वयंवराच्या पहिल्या प्रयोगापेक्षाही हा त्यांचा निर्णय अधिक धाडसाचा होता.

तेव्हा सांगलीस आगगाडी नव्हती. मुंबई-ठाणे हा देशातील पहिला प्रवासी लोहमार्गच मुळी १८५३ च्या एप्रिल महिन्यात सुरू झाला. सामानसुमानासह मंडळीने घाटरस्त्यांनी मजल दरमजल करीत प्रवास केला. पुण्यासारख्या शहरांतून खेळ करीत ती १८५३ च्या आरंभी मुंबईस पोचली. तेथे ग्रांट रोडवर एक नाटकगृह होते. जगन्नाथ शंकरशेट ह्या दानशूर गृहस्थांचा त्याच्या उभारणीस मोठा हातभार लागलेला होता. इंग्रज लोकांची नाटके तेथे होत असत. त्या नाटकगृहात विष्णुदासांनी तिकीट लावून मराठी नाटक केले. सांगलीच्या दरबारात बसलेल्या ओळखीच्या मंडळींऐवजी आता समोर मुंबईचे नाना जातींचे, नाना भाषांचे लोक होते. त्यांत इंग्रजही होते. तरी खेळ रंगले. विष्णुदासांनी स्वतः तेथे इंग्रजी नाटक पाहिले व त्यातील पडदे आणि देखावे पाहून ते थक्क झाले. घेण्याजोगे जे होते, ते त्यांनी पुढे आपल्या खेळांत घेतले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मुंबईतील पारशी तरुणांनीही आपली नाटक मंडळी काढली आणि त्याच नाटकगृहात खेळ केले.

भावे ह्यांचे यश पाहून महाराष्ट्रात ठिकठिकाणी नाटक मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, पुण्याचे अमरचंदवाडीकर अशा मंडळ्यांची नावे प्रसिद्ध आहेत. आता चढाओढ सुरू झाली. कथा सर्वांच्या त्याच. पदांचा घाट तोच. पोशाखही थोड्याफार फरकाने तेच. मग एकापेक्षा दुसरी मंडळी सरस कशी ठरावी? ती ठरे पात्रांच्या बोलण्यावरून आणि राक्षसांच्या झुंजींवरून. ज्या मंडळीतील नारद हजरजबाबी, तिचा नारद पाहावयास लोक लोटत. ह्या चढाओढीने काही नट फार चांगले तयार झाले. पण तिने नुकसानही केले. सुचेनासे झाले की ओरडावे, हा सोपा मार्ग पुष्कळांनी धरला. राक्षसांच्या आरोळ्या आणि तलवारींचा खणखणाट एवढा वाढला, की शिकलेले लोक ह्या नाटकांना अललडुर्र किंवा तागडथोम अशी थट्टेची नावे देऊ लागले. थट्टा अगदीच अन्यायाची नव्हती. परंतु आरोळ्या देणाऱ्यांच्या गर्दीत चांगले बोलणारेही होते, हे थट्टा करणारे विसरले.

दरम्यान काळ बदलत होता. १८५५ साली जोतीराव फुले ह्यांनी तृतीय रत्न हे नाटक लिहिले. त्यात देवदैत्य नव्हते. अज्ञानामुळे नाडला जाणारा शेतकरी होता आणि पात्रांची भाषणे लिहिलेली होती. ते त्या वेळी रंगभूमीवर आले नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने ह्यांचे थोरले माधवराव पेशवे हे नाटक निघाले. अशा नाटकांत लेखकाने लिहिलेला शब्द पाठ करून जसाच्या तसा म्हणावयाचा असे. म्हणून लोक त्यांना बुकिश नाटके म्हणत. ह्या नव्या रीतीमुळे नाटक आटोपशीर झाले आणि लेखकाला जे सांगावयाचे ते प्रेक्षकांपर्यंत नीट पोचू लागले. नटाचे डोके मात्र पूर्वीइतके चालेनासे झाले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल रंगभूमीवर आले. त्यात पात्रे स्वतःच गाऊ लागली आणि कडेला उभे राहून सर्वांची पदे गाणाऱ्या सूत्रधाराचे काम संपले.

विष्णुदास त्यापूर्वीच ह्या धंद्यातून बाहेर पडले होते. दहा वर्षे गावोगाव हिंडल्यावर १८६२ च्या सुमारास ते सांगलीस परतले. त्यांनी घडविलेल्या लाकडी बाहुल्या पुढे कित्येक वर्षे पडून राहिल्या होत्या. विसाव्या शतकात रामदास पाध्ये ह्यांनी त्या दुरुस्त करून त्यांचे खेळ लोकांना पुन्हा दाखविले. इतरांनी आपली पदे चुकीची म्हणू नयेत, ती नष्टही होऊ नयेत, अशी इच्छा जुन्या सूत्रधाराला असणे स्वाभाविक होते. १८८५ साली विष्णुदासांचा नाट्यकवितासंग्रह छापून निघाला. त्यात त्यांची आख्याने आहेत. गणपती केव्हा येतो, सरस्वती कशी नाचते, जनकाचा पण कोणता, हे सारे त्यातील पदांवरून आज कोणालाही वाचता येते.

त्या पदांनंतर मुले काय बोलली, हे मात्र त्यात नाही. रावणाने कोणत्या शब्दांत गर्व केला आणि जनकाने त्याला कसे निरुत्तर केले, हे कोणी लिहून घेतले नाही. आणि लिहून घेतले असते, तरी ते एकाच रात्रीचे झाले असते. विष्णुदासांनी ९ ऑगस्ट १९०१ रोजी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते.